किटलीच्या पोटातली ताई

आमच्या भावोजींनी आयुष्यभर माणसांचे फोटो म्हणून काढले नाहीत. काढले ते चमच्यांचे, झाऱ्यांचे, डब्यांच्या झाकणांचे, तेही इतक्या जवळून की किसणीचं एकेक भोक विहिरीएवढं दिसावं. भांड्यांच्या कंपन्या त्यांना शोधत घरी यायच्या. माणसं हलतात, चमचा हलत नाही, असं वर आम्हालाच ऐकवायचे.

चकचकीत भांडं म्हणजे आरसाच. त्यात खोली दिसते, दिवा दिसतो, शेजारी उभं असलेलं माणूसही दिसतं. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, भांड्यावर उजेड फेकायला पांढरा पुठ्ठा धरून तासन्‌तास उभी असायची. ती भांड्यात कुठेतरी उमटायचीच. मग भावोजी कॉम्प्युटरवर डोळ्यांत तेल घालून तिला ठिपक्याठिपक्याने पुसायचे. लोक बायकांचे फोटो काढतात, हे मला फोटोतून काढतात, असं म्हणून ताई हसायची.

ताई गेली. महिन्याभराने मी तिचा फोटो मागायला गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरात तीन कॅमेरे, आणि लग्नानंतरचा तिचा एक धड फोटो नाही! मोबाइलवर कुणी काढायला लागलं की हे आडवे यायचे, मी एकदा नीट काढीन म्हणून. सव्वीस वर्षांत ते 'एकदा' काही उजाडलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलले.

दुसऱ्या दिवसापासून ते जुन्या डिस्क काढून बसले. पुसलेले फोटो कंपन्यांना गेले होते, पण मूळचे तसेच पडून होते. आठ दिवस माणूस धड जेवला नाही. कढईत तिची बाही सापडली, पळीत कोपर सापडलं, चेहरा मात्र सगळीकडे पुठ्ठ्याआड. नवव्या दिवशी मला फोन आला, येऊन जा म्हणून.

पडद्यावर किटली होती. तिचं पोट त्यांनी मोठं करत नेलं, तशी ताई आली. नाक जरा फुगलेलं, पण ताईच. एका हातातला पुठ्ठा खाली आलेला, दुसरा हात कुशीवर घट्ट दाबलेला, डोळे मिटलेले, ओठ दाताखाली. मी तारीख पाहिली. फार उशीर झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या आठ महिने आधीची होती ती.

"हा मी पुसलाय," भावोजी म्हणाले. "दुपारभर बसून. तोंड, हात, सगळं. किटलीवर डाग राहायला नको, एवढंच बघत होतो."

चांगलं झापायचं ठरवून गेले होते, पण राग कुठल्या कुठे गेला. खोटं कशाला बोलू, नंतर तो परत आला आणि अजून आहे. तेव्हा मात्र मी त्यांच्या शेजारी नुसती बसून राहिले.

त्यांनी विचारलं, छापून देऊ का. मी नको म्हटलं.

"दुसरा नाहीये," ते म्हणाले.

मग तोच घेऊन मी घरी आले. अजून भिंतीला लावलेला नाही.