डिंक वाळेपर्यंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. ऐका.

इथं तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मी तंजावूर चित्रं करते. तीस वर्षं झाली. सोन्याचा वर्ख बसवावा तर मीच — हे मी माझ्या तोंडानं सांगते, लाजत नाही. किती देवघरांत माझे कृष्ण बसलेत! अभिमान आहे मला. का नसावा?

धाकटी जाऊ सुगुणा माझ्याजवळ शिकायला बसली. तिला दमा. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. दमट, कोंडलेल्या उकाड्यात हिला श्वास पुरत नाही, हवा खेळती ठेवा — त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

वर्ख ठेवताना पंखा बंदच लागतो, नाहीतर तो उडतो. पण एकदा दाबून बसवला की पंखा लावला तरी चालतं. मी तिला सांगितलं — डिंक वाळेपर्यंत लावायचा नाही. आणि ऐप्पसी महिन्याच्या, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात डिंक वाळतो कधी? दुपार दुपार ओलाच.

"अक्का, अत्तां तरी फॅन लावूं?" ती विचारायची. मी मानेनंच नाही म्हणायची.

का? एका गिऱ्हाइकानं आमची दोन चित्रं शेजारी ठेवून तिचं उचललं होतं. एवढंच — हो, एवढ्यासाठीच.

एका दुपारी कृष्णाचा मुकुट पुरा करून ती उठली आणि भिंत धरून खाली बसली. पंप घेऊनही श्वास येईना. ओठ निळे पडले. ऑटोनं दवाखान्यात नेलं. वाचली. घरी आल्यावर मी म्हटलं, "हे काम तुला सोसत नाही गं." दमट हवेनं तुझा वर्ख सुटला, मी नवा बसवला, असंही सांगितलं. तिनं मानलं. पुन्हा कामाला बसली नाही. आता ओरत्तनाडूला कचेरीत नोकरी करते.

तो कृष्ण मी विकला नाही. सुगुणा मैत्रिणींना मुद्दाम घेऊन येते, मुकुटाकडे बोट दाखवते. "बघा, आमच्या अक्काचा हात!" मी ताठ मानेनं उभी राहते.

त्या मुकुटावरच्या वर्खाचा एकही तुकडा सुटला नव्हता. मी बदललाही नाही. तसा मला जमला नसता.