दूध उकळलं, यादी भाजली

माझ्या मुलाच्या लग्नाची मानपानाची यादी मी शेगडीवर भाजली. (दूध मात्र छान उकळलं.)

बारा वर्षं झाली. तेव्हा मी पन्नाशीची होते आणि मला सगळं कळत होतं! नुकतीच कोथरूडला बहिणीकडे आठ दिवस राहून मी इंडक्शनवर स्वयंपाक शिकून आले होते. गेले होते पाहुणी म्हणून, पण परत आमच्या माले गावात उतरले ती मास्तरीण होऊनच.

त्याच आठवड्यात उरवड्याहून मुलीचे आईवडील याद्या करायला आले. येताना भेट म्हणून काळ्या काचेची विजेची शेगडी घेऊन आले. तीन तास घासाघीस चालली. माझ्या सगळ्या जावा-नणंदांना पैठण्या, मी रुसले तर रुसवा काढायला वेगळी साडी (रुसणार होतेच!), अशी सत्तावीस कलमं. सगळी माझीच. व्याह्यांनी घाम पुसत मान डोलावली.

"यादीचा मोबाइलवर फोटू काढून ठिवतो," आमचे हे म्हणाले.

"का? पाव्हण्यांवर इस्वास न्हाई व्हय?" मी ओरडले.

मग आनंदाच्या भरात मी नव्या शेगडीवर दूध ठेवायला निघाले. विहीणबाईंनी हौसेनं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं पुढं केलं.

"ते न्हाई चालायचं! त्याला लोहचुंबक चिकटत न्हाई. ह्या शेगडीत भांडंच तापतं, काच न्हाई!"

व्याही चुळबुळले. "विहीणबाई, ही शेगडी तसली न्हाई. दुकानदार म्हनला..."

"पाव्हणं, तुमी बसा. मी शिकून आलेय."

बटण दाबलं. काचेखाली लालबुंद चकती उमटली.

"आगं बया, लाल झालं की!" विहीणबाई.

"दिवा हाय तो. चालू हाय हे कळायला." (काय तो आत्मविश्वास!) "आता गंमत बघा. खाली कागद ठेवला तरी जळत न्हाई!"

बहिणीनं वर्तमानपत्र ठेवून दाखवलं होतं. आमच्या वर्तमानपत्रावर हे बसले होते. हाताशी होती ती यादी. ती मी काचेवर पसरली आणि वर स्टीलच्या पातेल्यात दूध ठेवलं.

"वास येतोय," हे म्हणाले.

"नवीन वस्तूला येतोच."

"धूर येतोय."

"वाफ हाय ती!"

"अगं, तिसरं कलम पेटलं!"

ह्यांनी पातेलं उचललं आणि नुकतं वर आलेलं दूध यादीवर ओतलं. निम्मी यादी वाचली! मी चपळाईनं बटण बंद केलं आणि ओला तुकडा वाळावा म्हणून पुन्हा काचेवरच पसरला. बंद केली म्हणजे गार, नाही का?

नाही. पैठण्या आधी तपकिरी झाल्या, मग काळ्या.

"हे सिरॅमिक हाय," व्याही हळूच म्हणाले. "आतली तार लाल हुती, मग काच तापती, मग भांडं. म्हनून जर्मन, तांबं, काय बी चालतं, बूड तेवढं सपाट पायजे. आन बंद केली तरी काच लई येळ तापल्याली ऱ्हाती. कागद जळत न्हाई तो इंडक्शनवर. दुकानदारानं येवढंच सांगितलं व्हतं, तुमी मला बसवलं."

याद्यांच्या दिवशीच जाळपोळ, आता अपशकुन म्हणून ही माणसं उठून गेली तर? मुलाला काय तोंड दाखवू? मला एकही पैठणी आठवेना. नुसतं लग्न होऊ दे म्हटलं!

विहीणबाई राखेकडं बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या पोट धरून हसत होत्या!

"कोन काय देनार व्हतं वो?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"मला तर काय बी आठवंना," व्याही झटकन म्हणाले. (इतक्या लवकर!)

शेगडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर नवी यादी झाली, पाच मिनिटांत, एकच कलम: लग्न पार पडेपर्यंत वराच्या आईला चूल, गॅस, शेगडी आणि कागद यांपासून लांब ठेवावे.

दोन्ही घरांचं न भांडता एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट! खाली सही माझी आहे. तीही पुठ्ठा ह्यांनी घट्ट धरून ठेवला तेव्हा, हात लांब करून!