बंदुकीचं खाणं

बंदूक आम्हाला अकराशे रुपयांना पडली. छरे अजून पडताहेत.

खोटं निभावून न्यायला चांगली स्मरणशक्ती लागते आणि शहात्तराव्या वर्षी ती माझ्याकडे उरलेली नाही, म्हणून खरं लिहून टाकतो. मी बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. त्या बत्तीस वर्षांत एकाही शेतकऱ्याचा काटा मारला नाही. मारला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही सख्ख्या थोरल्या भावाचा!

देवळाली प्रवरेच्या अलीकडे आमची वस्ती. अंगण एक, घरं दोन : एक दादाचं, एक माझं. मागे दीड एकर पेरूची बाग, दोघांत सामाईक. त्या बागेत तिसरा वाटेकरी होता, वानरांची टोळी. वानर एक पेरू खात नाही. दहा पेरू चाखतं आणि अकरावा आपल्याला फेकून मारतं.

वानरं हाकलायचं काम दादाकडे होतं. त्याची गोफण सगळ्या शिवारात प्रसिद्ध होती. पण मारुतीच्या लेकरांना गोटा लागता कामा नये, असा आमच्या घरातल्या बायकांचा कायदा होता. म्हणून चिक्कूच्या झाडाला गोडेतेलाचा रिकामा डबा टांगलेला असे. दादा गोफण गरगर फिरवायचा, गोटा डब्यावर बसायचा, टण्ण् आवाज व्हायचा आणि टोळी पसार! चाळीस वर्षांत त्याचा एक गोटा वाया गेला नव्हता. हे तो स्वतः सांगायचा नाही. बाकीचे सांगायचे आणि तो नुसता मिशीवरून हात फिरवायचा. ते मला सहन व्हायचं नाही.

निवृत्तीनंतर मी राहुरीच्या एका ओळखीच्या गृहस्थाकडून छऱ्याची बंदूक विकत घेतली. जुनी, पण झोकदार. (विकणारे गृहस्थ फार खुशीत दिसले होते. त्याचा अर्थ मला नंतर कळला.) घरी आणून दादापुढे धरली.

"अकराशेला पडली! बोल!"

दादाने बंदूक उलटी-सुलटी करून पाहिली. बैलाचे दात बघावेत तशी नळीत नजर घातली आणि विचारलं, "आन् हिला खायाला काय लागतं?"

"खायला? अरे, ही काय म्हैस आहे?"

"म्हैस एकदाच इकत घ्यायची आसती, बबन. चारा रोज लागतो. माझ्या गोफनीला रानातला गोटा लागतो. मारला तर उचलून परत आनता येतो. हिचं काय?"

"छरे! डबीत शंभर येतात. चहाच्या पैशात!"

"मंग बरंय," दादा म्हणाला. त्या 'बरंय'मध्ये काय काय होतं ते कळायला मला सहा वर्षं लागली.

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे शकूने, बंदुकीला हळदकुंकू लावलं आणि अट घातली. "डब्यालाच मारायचं. वानराला लागलं तर मी माहेरी. आणि शनिवारी बंदूक बंद."

(वानरांना हे आठवड्याभरात समजलं. ती शनिवारी सहकुटुंब येऊ लागली.)

पहिल्या डबीतले शंभरच्या शंभर छरे मी डब्यावर मारले. डब्याला एकही लागला नाही. इतर ठिकाणी मात्र सगळे लागले! ठिबकच्या नळ्यांना इतकी भोकं पडली की बागेत जागोजाग कारंजी उडायला लागली. थोरल्या वहिनींची दुधाची बादली गळायला लागली. माझ्याच सायकलचं चाक बसलं. एक दिवस पेरूचा व्यापारी एक कॅरेट परत घेऊन आला आणि अर्धा कापलेला पेरू माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "बबनराव, पेरूत बी आसतं, मान्य हाय. पर हे शिशाचं बी कोन्त्या जातीत येतं?"

"काय झालं?" दादाने लांबून विचारलं.

"काही नाही. नवीन वाण!" मी म्हणालो.

छरे खरंच चहाच्या पैशात मिळत. छरा जिथे जाऊन बसे ती वस्तू मात्र त्या पैशात मिळत नसे, एवढाच काय तो हिशेब चुकला होता.

आणि मग तो दिवस उजाडला. आमच्या शेजारी आमचा चुलतभाऊ भाऊसाहेब राहतो. त्याने त्या आठवड्यात गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसवलं होतं, काचेच्या लांबलांब नळ्यांचं. वस्तीतलं पहिलंच. चिक्कूच्या झाडाच्या बरोबर पाठीमागे त्याची गच्ची. सकाळी नऊला टोळी आली. दादा गोफण घेऊन आला, मी बंदूक घेऊन आलो.

"तू थांब जरा," दादा म्हणाला.

"तू थांब," मी म्हणालो.

दोघांनी एकदमच मारलं. टण्ण्! आणि त्याच्या पाठोपाठ खळ्ळ! सोलरच्या नळ्या फुटल्या, कढत पाणी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर गेलं आणि आठवडाभराच्या कुरडया पाच मिनिटांत परत चीक झाल्या. भाऊसाहेबाची बायको ओरडली. खुद्द भाऊसाहेब टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण तसाच, बाहेर आला.

"अरं, मी आंघुळीत हुतो! कोनी मारला? कोनी?"

सगळी वस्ती आमच्याकडे बघायला लागली. आणि मी दोनच शब्द बोललो.

"डबा माझा."

नीट लक्षात घ्या, सोलर दादाने फोडलं असं मी म्हणालो नाही. आजही म्हणत नाही. मी फक्त डबा माझ्या नावावर घेतला. उरलेला हिशेब लोकांनी आपापला केला. छऱ्याने एवढा मोठा टण्ण् होत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझा छरा डब्याला लागल्याचा आवाज त्याआधी कोणी ऐकलाच नव्हता!

दादाने गोफणीकडे पाहिलं, गच्चीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नेम गेला म्हनायचा माझा." त्याने गोफण गुंडाळली आणि घरात खुंटीला अडकवली.

मी लगबगीने गच्चीवर गेलो आणि काचा झाडू लागलो. सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. काचांमध्ये चपटा झालेला छरा सापडला, तो मी खिशात टाकला. मग डबा उतरवून पाहिला. त्याला लिंबाएवढी पोच आली होती, गोट्याची. छऱ्याचं भोक नव्हतं. दुपारी सगळे झोपल्यावर मी गोठ्यामागे बसून खिळा आणि हातोडी घेतली आणि भोक पाडलं. पोच आली होती ती बाजू भिंतीकडे करून डबा पडवीत टांगला. सहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मी बोट लावून दाखवला.

त्यानंतर तो एक छरा खातच सुटला. भाऊसाहेबाच्या नळ्या दादाने हट्टाने भरून दिल्या. मग दादा म्हणाला, "डोळं दाखवू." मी त्याला नगरला घेऊन गेलो. पंचाहत्तरीच्या माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू सापडणारच, तो डाव्यात सापडला, आणि ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी काढल्यावर दादाने थोरल्या वहिनींकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू कधीपास्नं एवढी म्हातारी झालीस?" वहिनी पंधरा दिवस बोलत नव्हत्या.

पण गोफण काही खुंटीवरून उतरली नाही. "उद्या मानसाला लागंल कोनाच्या," दादा म्हणे. गोफण नाही म्हटल्यावर वानरांनी बागेत संसारच थाटला. दोन हंगामांत बाग संपली. पेरू काढून आम्ही ऊस लावला. पेरूत वानरं येत होती, उसात बिबट्या आला! आता दिवस मावळायच्या आत सगळी वस्ती दाराला कडी लावून बसते, आणि मी आतून कडीकडे बघत त्या एका छऱ्याचा विचार करत बसतो.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात दादा अंगणात आला आणि म्हणाला, "बबन, गुरवारी नगरला जायाचं. उजव्या डोळ्याचं आपरेशन."

"अरे, डॉक्टर म्हणाले ना, उजव्याला गरज नाही म्हणून?"

"गरज न्हाई कशी? डाव्यानं समदं झ्याक दिसतंय. मंग नेम चुकला तो उजव्यानंच! मी त्यास्नी म्हन्लं, तुमी कापाच. मरायच्या आधी एकदा डबा वाजवायचाय मला."

दादा आता एक्याऐंशीचा आहे. त्याला साखर आहे, दम आहे. आणि हा माणूस माझ्या दोन शब्दांपायी चांगला डोळा कापून घ्यायला निघाला होता! दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बुधवारी सकाळी दादा आमच्याकडे चहाला आला, तेव्हा मी सुपारीच्या डबीतला तो चपटा छरा काढला आणि दादाच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"सोलर," मी म्हणालो. "सोलर माझं. डबा तुझा."

दादाने छरा बोटांत धरून उजेडाकडे केला. मग म्हणाला, "डबा आन."

मी पडवीतून डबा आणला. त्याने तो मांडीवर घेतला, फिरवला आणि पोच आली होती तिथे अंगठा बसवला. अंगठा असा बसला की जणू मापच घेतलं होतं.

"ही माझी?"

"व्हय," मी म्हणालो. (मी एरवी 'हो' म्हणतो. त्या दिवशी लहानपणचंच तोंडात आलं.)

"म्हंजी नेम गेला न्हवता."

"नाही."

"सा वर्सं." दादाने खिडकीकडे तोंड केलं. मिशीवरून हात फिरवायला गेला आणि हात तिथंच थांबला. मी मान खाली घालून बसलो. एक थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने त्याने डबा दुसऱ्या बाजूने फिरवला. "आन् हे भोक?"

"खिळ्याचं. मीच पाडलं."

"आन् भोकाच्या भवती हे चार खड्डे कशाचे?"

तेवढ्यात शकू चहा घेऊन आली. आत उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

"दादा, ते हातोडीचे," ती शांतपणे म्हणाली. "खिळा चुकला. चारदा. पाचव्यांदा अंगठ्यावर बसली. आठवडाभर अंगठा काळानिळा होता, मला म्हणाले दारात सापडला."

"तुला माहीत होतं?" मी किंचाळलो.

"त्या दुपारी मी झोपले नव्हते. खिळा मांडीवरच्या डब्याला लागत नव्हता, अहो. मग छरा झाडावरच्या डब्याला कसा लागेल?"

दादाचं पोट हलायला लागलं. मग खांदे हलले. मग तो एवढा हसला की त्याला दम लागला आणि वहिनी पंप घेऊन धावत आल्या. डोळे पुसून तो म्हणाला, "गुरवारी जायाचंच. मोटार सांगितलेली हाय. पर माझ्या डोळ्यासाठी न्हाई. तुझ्या!"

गेलो. डॉक्टरांनी माझे दोन्ही डोळे अर्धा तास तपासले आणि केसपेपरवर लिहून दिलं : दोन्ही डोळे उत्तम, चष्म्याचीही गरज नाही.

परत आल्यावर दादाने खुंटीवरची गोफण काढली, चिक्कूला नवा डबा टांगला आणि पहिल्याच गोट्याला वाजवला. जुना डबा आता दादाच्या पडवीत आहे, पोच बाहेरच्या बाजूला. पाहुणा आला की दादा आधी पोच दाखवतो, मग भोक दाखवतो, आणि मग डब्यात हात घालून माझा केसपेपर काढतो आणि पाहुण्याला मोठ्याने वाचायला लावतो.