आखाजीचं ताट आणि बारा मिसली

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारसाठी मी शीख मिसलींचा विषय घेतला, तो पप्पांमुळे. पप्पा बरीच वर्षं रावेरची केळी ट्रकमध्ये भरून पंजाबला नेत. परत आले की तिथल्या रस्त्यांचं, लंगरातल्या डाळीचं बोलत. मला वाटलं, एवढं ऐकलंय तर वाचायला सोपं जाईल. पुस्तकं इंग्रजीत होती. संध्याकाळी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या ओट्यावर मी ती वाचायची आणि पप्पा विचारायचे, "आज काय झालं तुझ्या सरदारांचं?"

कॉलेजात मी फारशी बोलत नाही. पप्पांशी बोलायचे.

मी सांगायचे, की अठराव्या शतकात पंजाबात कुणा एकाचं राज्य नव्हतं. सरदारांचे बारा जथे होते, त्यांना मिसली म्हणत. प्रत्येकीचे घोडेस्वार वेगळे, मुलूख वेगळा. एखादा प्रदेश जिंकला की स्वार गावोगाव दौडत जायचे आणि पगडी, कमरपट्टा, जोडा, जे हाताला लागेल ते गावात टाकून पुढे जायचे. वस्तू ज्याची, गाव त्याचं. एरवी एकमेकांशी भांडायचे. पण बैसाखीला आणि दिवाळीला सगळे अमृतसरला जमायचे, भांडणं बाहेर ठेवून एकत्र बसायचे. तिथे जे ठरेल ते सगळ्यांना बांधील.

"म्हणजे आपली आखाजी," पप्पा म्हणाले.

खरंच तसंच होतं. पप्पा धरून चार भाऊ. चौघांचे चार ट्रक, प्रत्येकाचे व्यापारी वेगळे. वर्षभर एकमेकांचा माल पळवल्याच्या तक्रारी चालायच्या. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे धुळ्याला मोठ्या काकांकडे जमायचे. कुणी कुठला भाग धरायचा हे त्या दिवशी ठरे. ठरलं की काकू एका मोठ्या ताटात आमरस आणि पुरणपोळी आणून ठेवायची आणि चौघं भाऊ त्याच ताटात हात घालायचे. एकाने जरी हात घातला नाही तरी ठरलेलं मोडलं. एका वर्षी धाकटे काका हात मागे घेऊन बसले होते, तर दुपार कलेपर्यंत पुन्हा चर्चा झाली. पोळ्या गार झाल्या, काकू चिडली, पण कुणी उठलं नाही.

या वर्षी आखाजी जवळ आली तरी धुळ्याहून फोन आला नाही.

मोठ्या काकांच्या मुलाने, म्हणजे दादाने, जळगावला हायवेवर ऑफिस टाकलं होतं. काचेचा दरवाजा, आत एसी. त्याला ट्रक चालवायला पप्पांनीच शिकवलं होतं. बऱ्हाणपूरच्या घाटात पहिल्यांदा त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं तेही त्यांनीच. आता तो चारही ट्रक एका कंपनीच्या नावावर आणायचं म्हणत होता. व्यापाऱ्यांना तो आधीच भेटून आला होता. पप्पांना म्हणाला होता, "काका, माल मिळवायची, पोलिसांची, टोलची, सगळी काळजी माझी. तुम्ही फक्त भाड्यातला वाटा द्यायचा."

त्याच आठवड्यात मी 'राखी' नावाच्या पद्धतीबद्दल वाचलं होतं. मिसली गावांना संरक्षण द्यायच्या आणि बदल्यात पिकाचा पाचवा हिस्सा घ्यायच्या. गावं खुशीने द्यायची, कारण दुसरीकडून लुटारू यायचे. हे मी पप्पांना सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी धाकट्या काकांचा ट्रक आमच्या गल्लीत उभा होता, त्याच्या काचेवर दादाच्या कंपनीचं निळं स्टिकर होतं. मी ते बराच वेळ बघत राहिले. मग पप्पांना बोलावून दाखवलं.

"फोन नाही आला तरी जाऊ," पप्पा म्हणाले. "बोलावणं कशाला पाहिजे? भाऊच आहे."

आखाजीला आम्ही धुळ्याला गेलो. दारात तिसऱ्या काकांचा ट्रक होता. त्यावरही निळं स्टिकर. आत तिन्ही काका आधीच जेवायला बसले होते. स्टीलची वेगवेगळी ताटं, प्रत्येकात रसाची वाटी.

"ये रे भाऊ, बैस," मोठे काका म्हणाले. "रस खाय."

पप्पा उभेच. "बैठक?"

"कशाची बैठक? आते बठ्ठं त्याना हातमा शे," काकांनी जळगावच्या दिशेने मान हलवली, आता सगळं दादाच्या हातात होतं. "शिकेल पोरगं शे. तू पण देई टाक."

"तुम्ही दिली गाडी?"

काकांनी पोळीचा तुकडा रसात बुडवला. "मन्हा पोरगाच शे ना."

काकूने पप्पांपुढेही एक ताट ठेवलं. पप्पांनी खाल्लं, सगळं. मी रसाची वाटी बाजूला सारली.

परतताना पारोळ्याच्या पुढे पप्पांनी विचारलं, "शेवटी कोणी गिळलं त्या बारांना?"

मी सांगितलं. बाहेरून स्वाऱ्या येणं थांबल्यावर मिसली आपसांतच लढू लागल्या. मग त्यांच्यातलाच एक तरुण सरदार उठला. कुणाशी सोयरीक केली, कुणाला हरवलं, कुणाला जहागीर देऊन दरबारात बसवलं. अमृतसरची ती सभा त्याने पुढे बोलावलीच नाही. त्याच्या सासूने स्वतःचे स्वार देऊन त्याला लाहोर मिळवून दिलं होतं.

"तिचं काय झालं?"

"म्हातारपणी त्याने तिलाच कैदेत ठेवलं. मुलूख घेतला."

पप्पांनी गिअर बदलला.

घरी पोचलो तर दादा ओट्यावर बसला होता. उठून पप्पांच्या पाया पडला. "काका, दोन महिने बघा. नाही पटलं तर गाडी परत."

"माझी गाडी माझ्या नावावर राहील," पप्पा म्हणाले.

"जशी तुमची इच्छा." तो हसला, जरासुद्धा न रागावता. आईने दिलेलं पाणी सावकाश प्यायला. मग माझ्याकडे वळला. "तू काय वाचतेस गं सध्या, मॅडम?"

मी सांगितलं, थोडक्यात.

"बारा होते? मग एक कसा झाला?"

"एकेकाला वेगळं गाठून," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"हुशार माणूस," तो म्हणाला, आणि चप्पल घालून निघाला.

दोन दिवसांनी पप्पा केळी भरायला गेले तर रावेरच्या व्यापाऱ्याने सांगितलं, आज गाडी नको. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने फोनच कापला. पप्पा ओट्यावर येऊन बसले आणि जुन्या मोबाईलमध्ये अमृतसरच्या मंडीतल्या अडत्याचा नंबर शोधू लागले. "शेवटी माल त्याच्याकडेच उतरतो, त्याच्याशी सरळ बोलतो," ते म्हणाले. "तो मला ओळखतो."

त्यांनी स्पीकर चालू केला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मी पुस्तक मिटून शेजारी बसले. पप्पांनी पुन्हा लावला.