झिजलेला आठ

काचेचं झाकण उघडलं, की बोटाला आधी लागतो तो गारवा. मग ठिपके, त्यांच्यावरून सरकणारे दोन काटे, आणि पेरात उमटणारं एवढंसं, पण अढळ असं स्पंदन! वेळ अशी हाताला लागते, हे तुम्हाला ठाऊक होतं?

हे मनगटी घड्याळ माझ्या काकांचं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ॲसिड उडून त्यांचे डोळे गेले आणि मालकाने हात झटकले. त्यावर मी आजवर तीन पत्रकं काढली, चौथंही काढीन. पण या घड्याळापुढे माझा संताप नेहमी थोडा वरमतो. एके काळी चारचौघांत घड्याळ पाहणं म्हणजे यजमानाला 'कंटाळलो' असं तोंडावर सांगणं. म्हणून युरोपातल्या उमरावांसाठी खिशातल्या खिशात चाचपायची घड्याळं घडवली गेली. शिष्टाचारासाठी, बरं का! पुढे पहिल्या महायुद्धाने घड्याळ खिशातून सैनिकांच्या मनगटावर आणलं, आणि त्याच युद्धाने कित्येक तरुणांचे डोळे नेले. तेव्हा कुठे ते नखरेल कौशल्य खऱ्या गरजेच्या कामी आलं. तोच धागा आपल्याकडच्या एका सरकारी कारखान्यापर्यंत पोहोचला आणि तिथून काकांच्या हातावर. चावीचं, उघडत्या काचेचं असं घड्याळ आता शोधूनही मिळत नाही. केवढा हा प्रवास, आणि केवढ्याशा तबकडीत सामावलेला!

गेल्या महिन्यात आम्ही कार्यकर्त्यांनी बदलापुरात कामगारांच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. घड्याळ मागितलं, तर काका म्हणाले, "ने गं, पण संध्याकाळी परत हातात घाल. त्याच्याशिवाय मी उघडा." मी ते घेऊन थेट उल्हासनगर गाठलं. जुन्याचं नवंकोरं करून देणं हाच त्या बाजारपेठेचा अभिमान, आणि आम्हा आसपासच्या लोकांना नव्याचं भारी वेड. एका वृद्ध सिंधी घड्याळजींना मी ऐटीत सांगितलं, "चाचा, डायल घासून चकाचक करा. ठिपकेही नवे बसवा. फोटोत उठून दिसलं पाहिजे."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक ठिपका तपासला. मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, "बेटी, आठचा ठिपका बघ. एकदम सपाट. बाराचे तीन ठिपके, ते पण. बाकी सगळे टोकदार. ये खराबी नहीं है. हे कोणीतरी रोज वाचलंय. मी नाय पुसणार. बाजूवाल्याकडे जा, तो तासाभरात पुसून देईल."

मी बाजूवाल्याकडे गेले नाही.

संध्याकाळी काकांना विचारलं, आठच का? ते मिश्कील हसले. "सकाळी आठला कंपनीचा भोंगा व्हायचा ना! डोळे घेतले त्यांनी, म्हणून काय वेळ पण त्यांचीच मानायची? इथं घरापर्यंत ऐकू यायचा, मी बसून रोज तपासायचो. दोन-दोन मिनिटं आधी वाजवायचे, चोर! पोरं गेटवर धापा टाकत पोचायची, तरी लेट. मग मी युनियनवाल्यांना निरोप धाडायचो."

तीन पत्रकांत मी जे ठळक टायपात ओरडून सांगितलं, ते या माणसाने एका बोटाने, वर्षानुवर्षं, आवाज न करता धातूवर लिहून ठेवलं होतं. आणि मी ते पुसायला निघाले होते! कशासाठी? तर फोटोसाठी!

प्रदर्शनात घड्याळ होतं तसंच मांडलं. काच उघडी, आणि शेजारी पाटी: डोळे मिटून हात लावा.

तो कारखाना कधीच बंद पडला. भोंग्याच्या जागी आता सोळा मजली इमारत आहे. तरीही आज सकाळी अंबरनाथजवळच्या पालेगावच्या घरात काकांनी सवयीने काच उघडली, माझं बोट धरलं आणि आत टेकवलं. तोच गारवा, तेच स्पंदन. मोठा काटा थेट वर. लहान काट्याच्या टोकापुढे, जिथे ठिपका असायला हवा, तिथे एक गुळगुळीत जागा.

आठ वाजले होते. बरोब्बर आठ.