दुसऱ्या खोक्यातल्या बाटल्या

कारगिलची लढाई चालू होती तेव्हा जबलपूरच्या आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइमला कोणी नाही म्हणत नव्हतं. म्हणायची सोयच नव्हती. मी प्रयोगशाळेत होतो. बारा-बारा तास उभं राहून पायांचे पार तुकडे पडायचे.

त्यात धाकट्या भावानं रिकाम्या बाटल्यांची दोन खोकी आणून ठेवली. तो दक्षिण ध्रुवाकडे निघाला होता. तिथल्या बर्फात काय काय मिसळलेलं असतं, यावर त्याची पीएचडी होती. बर्फ वितळवून याच बाटल्यांत भरायचा होता. म्हणाला, "दादा, तूच धू. दुसऱ्या कोणाचा भरोसा नाही मला."

धुवायची रीत ठरलेली. आधी नायट्रिक ॲसिड, मग डिस्टिल्ड वॉटरनं पाच वेळा विसळायचं. पहिलं खोकं तसंच धुतलं. दुसरं डबल ड्यूटी संपल्यावर हातात घेतलं, ॲसिडनंतर एकदाच विसळलं आणि वैतागून झाकणं लावून टाकली. आमच्या कामाला तेवढं चालून जायचं. बर्फच तर भरायचाय, म्हटलं, मरू दे.

वर्ष उलटल्यावर तो वही घेऊन घरी आला. फार खुशीत होता. "समुद्राजवळच्या बर्फात नायट्रेट नावालाच आहे. पण आतल्या, उंचावरच्या बर्फात बघ किती निघालं! सरही चक्रावले. दोन महिन्यांपासून कारण शोधून राहिलो."

मी विचारलं, "आतला बर्फ कोणत्या बाटल्यांत भरला होता?"

"दुसऱ्या खोक्यातल्या. काहून?"

ते नायट्रेट बर्फातलं नव्हतंच, माझ्या ॲसिडचं होतं. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलंही नसतं, आणि खरं सांगतो, चहा निवेपर्यंत मी गप्पच होतो. मग सांगून टाकलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "अच्छा," म्हणाला, आणि वही मिटली.

पुन्हा तिकडे जायला त्याला मिळालं नाही. उरलेल्या आकड्यांवर पीएचडी होईना, ती सुटलीच. पुढे तो आमच्याच प्रयोगशाळेत लागला, मी रिटायर होईपर्यंत शेजारच्या टेबलावर होता. बोलायचा, हसायचा, डबा माझ्याबरोबरच खायचा. फक्त मी धुतलेली बाटली कधी तशीच घ्यायचा नाही. माझ्यासमोर पुन्हा धुवायचा, आणि मी दुसरीकडे बघायचो.