तळटीप क्रमांक एकेचाळीस

काळाचौकीच्या चाळीत मुलगी इंजिनीयर झाली की तिने पुढे काय करायचं, हे ठरवायला दुसऱ्या मजल्यावरची कॉमन गॅलरी समर्थ असते. तिथे मनवा पेडणेकरसाठी दोन पर्याय मंजूर झाले होते : दुबई किंवा लग्न. मनवाने तिसराच काढला. दिवसा एका कंपनीत जहाजांच्या व्हॉल्व्हची ड्रॉइंग करायची आणि संध्याकाळी लॅपटॉपवर, समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठातून, मध्ययुगीन केल्टिक, म्हणजे आयर्लंडकडच्या, आणि नॉर्स साहित्याचं एम.ए. करायचं.

"नॉर्स म्हणजे नॉर्वेचं ना?" शेजारच्या कुशाबांनी आस्थेने चौकशी केली. "मग मासे एक्सपोर्टचं बघ की. बाराशे वर्षांपूर्वी तिथे कोण काय बोलायचं, ते आता त्यांना तरी समजतं का?"

मनवाची आई नलू तर निवडून ठेवलेल्या तांदळासारखी स्पष्ट होती. "एवढी इंजिनीयर केलंव, आणि ही बसलीहा मेलेल्या बावांच्यो वह्यो तपासूक!"

ते तसं खरंच होतं. मनवाला वीरांच्या कथांत फारसा रस वाटेना. तलवारी उपसायच्या, भाऊबंदकी करायची, मग रडायचं. त्यासाठी आयर्लंडला जायची गरज काय? तिचा जीव जडला तो मठातल्या साधूंच्या विज्ञानाच्या लिखाणावर. चंद्र किती दिवसांचा, ग्रहण का लागतं, समुद्र रोज थोडा उशिरा का भरतो, असलं सगळं ते कातड्यावर लिहून ठेवत. एका बेटावरच्या मठातल्या अशाच हस्तलिखितात भरतीच्या वेळांचं कोष्टक होतं. चंद्राच्या तीस दिवसांच्या तीस ओळी. लिहिणाऱ्याने नाव लिहिलेलं नव्हतं.

मनवाने त्या बेटाच्या भरतीचं गणित संगणकावर मांडून ताडून पाहिलं. अठ्ठावीस ओळी खऱ्या भरतीच्या साधारण तासभर आधीच्या निघाल्या. दोन ओळींना कुठलाच शेंडाबुडखा नव्हता.

विद्वानांनी यावर शंभर वर्षांपूर्वीच निकाल दिला होता : लेखनिक अडाणी, कोष्टक चुकीचं. मनवाच्या मार्गदर्शक बाई फार सुसंस्कृत होत्या. त्यांनी मेलमध्ये तीनदा "तुझा उत्साह कौतुकास्पद आहे" असं लिहिलं. मनवाच्या लक्षात आलं, प्रकरण गंभीर आहे. मेलच्या शेवटी होतं की प्रबंधाचं पाचवं प्रकरण लेखनिकाच्या चुकीवरच संपवावं. उगाच नवं सांगायला गेलीस तर परीक्षक ऐकणार नाहीत. प्रबंधाला साठच्या खाली गुण पडले तर पीएच.डी.ची जागा गेली.

"उद्या पाठवायचं आहे," मनवा जेवताना म्हणाली. "लिहून टाकते, साधू चुकला, भरतीच्या वेळा आधीच्या लिहिल्या."

वडील, गंगाधर, माझगावला एका ड्राय डॉकच्या, म्हणजे बोटी दुरुस्तीला घ्यायच्या गोदीच्या, पाण्याच्या गेटवर चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. बोलणं मोजकं. त्यांनी मुलीच्या लॅपटॉपकडे मान वाकडी करून पाहिलं.

"किती आधी लिवल्यान हा?"

"तासभर. प्रत्येक वेळी."

"मग चुकलो खय? भरती पुरी झाली की बोट आत घेतत असा कोणी सांगल्यान तुका?"

"म्हणजे?"

"गो बाय, पाणी चढता असताना बोट घेतत. मध्येच टेकली तर उरलेला पाणी तिका उचलता. पुरा भरल्यावर घेतलंस आणि टेकली, तर बस पुढच्या भरतीची वाट बघीत. गेट उघडूचो आमचो भोंगो तासभर आधीच व्हायचो." त्यांनी आमटी ओरपली. "पाणी भरल्याचो टायम फिरायला येणारे विचारतत. बोटवाले नाय."

मनवाने डाव्या हाताने लॅपटॉप जवळ ओढला. शंभर वर्षांतल्या एकाही विद्वानाला बोट कधी हलवावी लागली नव्हती, एवढाच काय तो प्रकार होता. हे कोष्टक भरतीचं नव्हतंच, होड्या हलवायच्या वेळेचं होतं.

"आणि त्या दोन ओळी?"

"डुलकी लागली असतली. पहाटेक माका पण लागायची."

मनवाने पाचवं प्रकरण नव्याने लिहिलं. दोन ओळींचा उलगडा होत नाही, हेही लिहिलं. डुलकीचा मुद्दा तेवढा गाळला. पुराव्याच्या जागी तळटीप क्रमांक एकेचाळीस आली : "गंगाधर पेडणेकर, गेटमन, माझगाव, तोंडी माहिती."

तोंडी परीक्षा संध्याकाळी साडेसहाला झाली. परीक्षकांनी विचारलं, हे कुठे छापून आलंय का? मनवा म्हणाली, नाही, पण चौतीस वर्षं एकही बोट अडकली नाही. पडद्यावरच्या तिघांनीही ते, छापून आलेलं नसताना, लिहून घेतलं.

निकाल आला : बासष्ट. नलूने साखर वाटली. आधी विचारून घेतलं, म्हणजे पास ना? विद्यापीठाची फक्त एक दुरुस्ती होती. माहिती देणाऱ्या सामान्य व्यक्तीचं नाव तिच्या सुरक्षेसाठी छापत नाहीत. तेव्हा तळटिपेत 'एक स्थानिक माहितगार' असं करावं. दुरुस्तीशिवाय पदवी नाही.

गंगाधरना कोणापासून धोका होता, हे पत्रात नव्हतं. बहुधा शत्रूची जहाजं भरतीच्या तासभर आधी काळाचौकीत शिरणार होती.

"करून टाक," गंगाधर म्हणाले. "त्या साधूचा तरी खय नाव आसा?"

हे त्यांनी समजूत घालायला म्हटलं, पण मनवाला ते भलतीकडेच लागलं. तिने नियमावली काढून पहिल्या पानापासून वाचली. सत्ताविसाव्या पानावर सापडलं : व्यक्तीची लेखी संमती असल्यास नाव देता येईल. तिने संमतीपत्र छापून आणलं. गंगाधरनी चष्मा लावून ते पगाराच्या कागदासारखं दोनदा वाचलं आणि सही केली. मग पेन तसंच धरून विचारलं, "हुद्द्याच्या पुढे 'पहिली पाळी' घातलास तर चालात? दुसऱ्या पाळीवाल्यांनी एकदा बोट टेकवलेली."

मनवाने घातलं. चार दिवसांनी विद्यापीठाचं उत्तर आलं, दोनच शब्दांचं : दुरुस्ती मान्य.

"किती जणां वाचतली ह्या?" गंगाधरनी विचारलं.

मनवाने प्रामाणिकपणे हिशेब केला. "चार. फार तर पाच."

"बरा आसा," ते म्हणाले. "आमची लॉगची वही एकटो डॉकमास्तर वाचायचो."